जनरल घरी गेले

सैनिकी महाविद्यालयात त्यांना सगळे ‘सिस्टर’च म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी कुणाच्या तोंडी काकू किंवा आजी आलं नाही. तिथल्या दवाखान्यात त्या मुख्य परिचारिका होत्या. आज छातीवर पदकांची रांग मिरवणाऱ्या कितीतरी बड्या अधिकाऱ्यांना त्यांनी साधी सुई बघून डोळे फिरवताना पाहिलं होतं. पण त्याबद्दल त्यांनी कधी कुणापाशी ब्र काढला नाही.

त्यांचे यजमान त्याच महाविद्यालयात नागरिकशास्त्र शिकवायचे. गणवेश नाही, हुद्दा नाही, साधे मुलकी शिक्षक. घटना म्हणजे काय, संसद म्हणजे काय, आणि फौजेनं कुणाचं ऐकायचं, एवढाच त्यांचा विषय. तास असायचा दुपारच्या जेवणानंतर. पहाटेपासून धावून, चिखलात लोळून आलेली ती पोरं बाकावर बसली की माना टाकायची. ‘सरांच्या तासाला जो जागा राहील त्याला पहाऱ्याची परीक्षा माफ’ असा तिथला जुना विनोद होता. सरांनाही तो ठाऊक होता. “झोपा,” ते म्हणायचे, “पण एक वाक्य कानात घालून झोपा. ज्याच्या हातात बंदूक आहे, त्यानं लोकांशी वाद घालायचा नसतो.”

त्यांना एकच मुलगी. पाय फुटल्यापासून ती महाविद्यालयाच्या आवारातल्या झाडांवरच असायची, म्हणून तिला सगळे खार म्हणायचे. ‘सिस्टर, तुमची खार पुन्हा वर चढलीय’ असा निरोप दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी यायचाच. त्या आवारात वाढलेली पोर आणखी काय होणार? ती फौजेत गेली, पूल आणि रस्ते बांधणाऱ्या तुकडीत कॅप्टन झाली. सरांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण तिच्या पासिंग आउट परेडला टाळ्या वाजवून वाजवून त्यांचेच हात लाल झाले होते.

त्या हिवाळ्यात खार सरहद्दीवरच्या एका चौकीत होती. चौकी इतक्या उंचावर की बर्फ पडायला लागलं की दरवर्षी माणसं खाली आणायची, असा रिवाज. पण निवडणूक तोंडावर आली होती, आणि संरक्षणमंत्र्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की यंदा झेंडा हिवाळाभर तिथंच फडकेल. फौजेनं आतल्या आत हरकत घेतली, एकदा नाही, दोनदा. मंत्र्यांनी ती बाजूला सारली. मग व्हायचं तेच झालं. रॉकेल संपलं, हेलिकॉप्टर ढगांतून परत फिरलं, आणि गारठून मरण्यापेक्षा चालत उतरू म्हणून निघालेल्या बारा जणांच्या अंगावर अख्खा उतार कोसळला.

खार पेटीतून घरी आली. पेटी उघडू नका, असं सोबत आलेल्या अधिकाऱ्यानं हात जोडून सांगितलं. सिस्टरांनी उघडली नाही. जन्मभर दुसऱ्यांची पांघरुणं सारून बघितली होती त्यांनी, पण हे पांघरूण सारायचा धीर झाला नाही.

दिवस उलटले. सिस्टर रडत नव्हत्या. त्यांना कामं दिसत; पडदे धुवायचे, कपाटं पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. सरांचं वेगळंच. सकाळी दाढी करून झाली तरी दुपारी ते पुन्हा ब्रश घेऊन आरशासमोर उभे राहायचे. गाल सोलवटून निघाले होते. सिस्टर कापूस आणून त्यांच्या हनुवटीवर दाबून धरायच्या, आणि दोघंही आरशात एकमेकांकडे बघायचं टाळायची.

शोकसभा महाविद्यालयाच्याच मैदानावर झाली. पुढच्या रांगेत बाराही घरची माणसं, मागे कवायतीत उभी पलटण, आणि व्यासपीठावर काळ्या कोटात संरक्षणमंत्री. बोलायला उभे राहिले लष्करप्रमुख. सगळा देश त्यांना जनरल म्हणून ओळखायचा. सिस्टर त्यांना ओळखायच्या ते गालफुगी होऊन दवाखान्यात आठवडाभर पडलेला, आईच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसून रडणारा कॅडेट म्हणून. सरांच्या तासाला न झोपणाऱ्या दोन-तीन पोरांतला तो एक.

जनरलांनी हातातला लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

“या मुलांना शत्रूनं मारलं नाही,” ते म्हणाले. “उबदार खोलीत बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्या एका माणसानं मारलं. तो माणूस आज माझ्या शेजारी बसलाय.”

सिस्टरांना वाटलं, छातीवर ठेवलेली फरशी कुणीतरी उचलली. इतक्या दिवसांनी पहिला खोल श्वास आत गेला. मंत्र्याचा चेहरा पांढराफटक पडलेला त्यांनी डोळे भरून बघितला.

“आणि अशा माणसांचे हुकूम पाळायचे की नाही,” जनरल पुढे म्हणाले, “हे आता फौजेनं ठरवायची वेळ आलीय.”

मागून पलटणीतून गर्जना उठली. कवायतीत उभ्या सैनिकांनी आवाज काढायचा नसतो, पण त्यांनी काढला. पुढच्या रांगेतले आई-बाप उठून उभे राहिले. सिस्टरही उठल्या. सरांचा हात त्यांच्या हातात होता. तो मात्र वर आला नाही. त्यांनी वळून पाहिलं. सर खुर्चीत बसूनच होते, आणि त्यांचा चेहरा मंत्र्याच्या चेहऱ्याइतकाच पांढरा झाला होता.

घरी आल्यावर चपला काढता काढता सर म्हणाले, “त्यानं असं बोलायला नको होतं.”

“काय खोटं बोलला?”

“खोटं काहीच नाही.”

“मग?”

“पाठीशी पलटण उभी करून बोलला गं. तसं बोललं की खरंसुद्धा धमकी होतं.”

“तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा,” सिस्टर म्हणाल्या. “माझी पोर गेलीय.”

“माझी नाही गेली?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं काय कमी झाली होती? पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सिस्टरांनी ताटं वाढली आणि स्वतःचं उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

पुढच्या दिवसांत देश नुसता पेटला. भिंतीभिंतींवर जनरलांचे फोटो लागले. न्हाव्याच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, बँकेच्या रांगेत एकच विषय. ‘बोलला बाबा कुणीतरी!’ असं जो तो म्हणे. पंतप्रधान बाईंनी जनरलांकडे खुलासा मागितला; जनरलांनी तो दिला, पण टीव्हीवर. बाईंनी राजीनामा मागितला. जनरल म्हणाले, मी उत्तर देईन ते देशाला. राजधानीच्या छावणीतले अधिकारी दंडाला काळी फीत लावून हिंडू लागले. रणगाड्यांची एक तुकडी सरावाच्या नावाखाली शहराच्या वेशीपाशी येऊन थांबली आणि सराव संपला तरी परत गेली नाही. मंत्री तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

एका सकाळी ब्रिगेडियरची बायको दारात उभी राहिली. सोबत आणखी दोघीजणी.

“सिस्टर, रविवारी संरक्षण मंत्रालयासमोर सभा आहे. बाराही घरच्या आया व्यासपीठावर बसणार आहेत. तुम्ही नुसतं बसायचं, बोलायचं काही नाही.”

“जनरल येणारेत?”

“ते कसे येतील? पण त्यांच्यासाठीच आहे सगळं. एकदा का लोक उभे राहिले ना, की बाईंना खुर्ची सोडावीच लागेल.”

“मग त्या खुर्चीत कोण बसणार?” आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला.

ब्रिगेडियरची बायको ओशाळून हसली. “सर, तुमचा तास अजून चालूच आहे वाटतं.”

सिस्टर म्हणाल्या, “मी येते.”

रविवारी त्या निघाल्या तेव्हा सर दारापर्यंत आले. अडवलं नाही, उपदेशही केला नाही. “वारं गार आहे, शाल घे,” एवढंच म्हणाले.

एवढी माणसं सिस्टरांनी एका ठिकाणी कधी बघितली नव्हती. मंत्रालयासमोरचा चौक मुंगीला शिरायला जागा नाही असा भरला होता. व्यासपीठावर बारा खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीमागे त्या घरच्या मुलाचा मोठा फोटो. खारीचा फोटो त्यांनी याआधी पाहिला नव्हता. गणवेशातला, ओठ मिटलेला. अशी ती कधी दिसायचीच नाही. फोटो काढताना हसू नका, असं सांगितलं असणार कुणीतरी. घोषणा सुरू झाल्या. तिच्या नावाची घोषणा झाली तेव्हा हजारो माणसं एका सुरात ते नाव ओरडली, आणि सिस्टरांच्या अंगावर काटा आला. आईच्या मनात काय येईल? त्यांच्या मनात आलं, ऐक गं बाई, बघ किती माणसं हाका मारताहेत तुला. झाडावरून उतर आता.

तेवढ्यात मंत्रालयाच्या बाजूच्या दारापाशी गलका उठला.

रविवार असूनही कुणीतरी कामाला आलं होतं आणि घरी निघालं होतं. गळ्यात मंत्रालयाचं ओळखपत्र. गर्दीनं ते पाहिलं. ‘हाच तो!’ कुणीतरी ओरडलं. कोण तो, कसला तो, हे विचारायला कुणाला सवड होती? व्यासपीठावरून सिस्टरांना फक्त वर-खाली होणारे हात दिसले, आणि मग हात होते तिथं मधोमध रिकामी जागा पडलेली दिसली. ती रिकामी जागा त्यांना बरोबर ओळखू आली. माणूस खाली पडलाय.

त्या व्यासपीठावरून कशा उतरल्या, गुडघ्यांनी कशी साथ दिली, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. गर्दीनं मात्र वाट दिली. शहिदाची आई म्हटल्यावर कोण अडवणार? फरशीवर एक टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस कुशीवर पडला होता. चष्म्याची काच भुवईत घुसली होती. सिस्टरांनी शाल फाडायचा प्रयत्न केला. फाटेना, तेव्हा तशीच गुंडाळून त्याच्या डोक्याला दाबून धरली.

“मावशी,” तो पुटपुटत होता, “मी रजेचे अर्ज बघतो हो. फक्त रजेचे अर्ज बघतो.”

“बोलू नका. डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा.”

चार हातांवर सैनिकांची एक ओळ उभी होती. हात मागे, पाय फाकवून, बंदोबस्ताला. सिस्टरांनी त्यांना हाक मारली. “अरे, उचला याला! गाडी आणा!”

ओळ हलली नाही. टोकाचा सैनिक खारीपेक्षाही लहान असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आम्हाला हुकूम नाही, सिस्टर.”

तो त्यांना ओळखत होता. सैनिकी महाविद्यालयातलाच असणार.

“माणूस मरतोय, आणि हुकूम कसला बघतोस? कुणाचा हुकूम?”

“जनरलसाहेबांचा. मंत्रालयाच्या माणसांसाठी मध्ये पडायचं नाही म्हणून.”

सिस्टर पुन्हा पडलेल्या माणसाकडे वळल्या. शेवटी गर्दीतल्याच दोघातिघांनी, ज्यांनी मघाशी मारलं होतं त्यांतलेही असतील, त्या कारकुनाला उचललं. त्याच्या मानेखाली हात धरून सिस्टर रुग्णवाहिकेपर्यंत गेल्या. मागे चौकात अजून खारीच्या नावाची घोषणा चालू होती.

घरी आल्या तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भरलेल्या होत्या. सर घाबरून उठले. “कुणाचं हे?”

“एका कारकुनाचं,” त्या म्हणाल्या आणि नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. सरांनी टॉवेल आणून त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्या रात्री दोघांची ताटं एकाच टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत गाड्या येऊन थांबल्या. शेजारपाजारचे सज्जे भरले. मधल्या गाडीतून जनरल उतरले आणि एकटेच आत आले. टोपी काढून काखेत धरली. जवळून बघितल्यावर सिस्टरांना दिसलं, माणूस कितीतरी दिवस झोपलेला नाही.

“बसा साहेब,” सर म्हणाले.

“सर, मला साहेब म्हणू नका. ह्या घरात तरी नको.”

“बरं. बस.”

सिस्टरांनी चहा ठेवला. जनरलांनी कप उचलला, खाली ठेवला.

“उद्या दुपारपर्यंत पद सोडा, असा बाईंचा शेवटचा निरोप आलाय. नाही सोडलं तर बडतर्फी. माझ्या हाताखालचे सगळे म्हणताहेत, सोडू नका. वेशीवरची तुकडी माझ्या एका शब्दाची वाट बघतेय. तासाभरात सगळं हातात येईल, रक्ताचा थेंब न सांडता.”

“थेंब सांडून झालाय,” सिस्टर म्हणाल्या. “काल माझ्या हातावर.”

जनरलांनी मान खाली घातली. “कळलं मला. वाईट झालं.”

“तू इथं कशाला आलायस?” सरांनी विचारलं.

“तुम्ही एकदा माझ्या शेजारी उभे राहा. टीव्हीवर, पाच मिनिटं. तुमच्यासारखा माणूस, तोही खारीचा बाप, हो म्हणाला तर उद्या कुणी याला बंड म्हणणार नाही.”

सरांनी खुर्ची जवळ ओढली. “त्या दिवशी तू गणवेश उतरवला असतास, राजीनामा टेबलावर टाकला असतास आणि मग हेच्या हे बोलला असतास ना, तर मी अनवाणी धावत आलो असतो तुझ्या शेजारी उभा राहायला.”

“गणवेश उतरवल्यावर माझं ऐकणार कोण, सर?”

“तेच तर. मग लोक तुझं ऐकतात की तुझ्या गणवेशाचं? अरे, शेताला कुंपण हवंच. पण मालक नालायक निघाला म्हणून कुंपणच शेत खायला लागलं, तर दाद कुणाकडे मागायची? नालायक मालक पाच वर्षांनी बदलता तरी येतो.”

“आणि ती पाच वर्षं माझी पोरं मरत राहतील!” जनरलांचा आवाज चढला. “मी दोनदा लिहून दिलं होतं, सर. दोनदा! खाली आणा त्यांना म्हणून. नियमानं, तुम्ही शिकवलंत तसं, दार लावून, आवाज न चढवता. काय झालं त्यानं? तुमची मुलगी गेली, आणि तुम्ही अजून धडाच शिकवताय?”

सरांचा हात आपोआप गालाकडे गेला, जणू दाढी वाढलीय का ते बघायला. सिस्टरांनी ते बघितलं आणि त्यांना त्या माणसाची कणव आली.

मग त्याच बोलल्या.

“तू त्या दिवशी बोललास, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं नाही सांगणार. तो मंत्री पांढरा पडला ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझे उपकार आहेत माझ्यावर.”

जनरलांनी वर पाहिलं.

“पण काल एक पोरगा माणूस मरताना बघत उभा होता. रडत होता, पण हलत नव्हता. का, तर तुझा हुकूम नव्हता. खार असती तर हलली असती रे. तिनं तुझा हुकूम मोडला असता. आणि मग तू तिचं काय केलं असतंस?”

जनरलांनी समोरचा कप बाजूला सारला.

“उबदार खोलीतून त्यानं हुकूम दिला, आणि आता तूही तेच करतोयस. माझ्या पोरीच्या नावानं करतोयस.” सिस्टरांनी पुढे होऊन, पूर्वी ताप बघायच्या तसा, जनरलांच्या कपाळाला हात लावला. “तू थकलायस. आता घरी जा.”

“सिस्टर…”

“घरी जा बाळा. खूप झालं.”

लाखो माणसांचा सेनापती तो, पण त्या खुर्चीत त्याचे खांदे असे काही खाली आले की जणू कुणी आतली दोरी कापली. ते बराच वेळ तोंड झाकून बसले. मग उठले, टोपी काखेत तशीच ठेवून दारापर्यंत गेले. जाताना सरांसमोर थांबले. सरांनी हात पुढे केला. जनरलांनी तो हातात घेतला, पण नजर वर केली नाही.

संध्याकाळी टीव्हीवर त्यांनी दोन ओळींचा राजीनामा वाचला. कारण सांगितलं नाही. रणगाडे परत फिरले.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण जनरल शेवटी कुणाच्या घरी गेले होते, हे गल्लीनं पाहिलं होतं. गल्लीनं पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. दुसऱ्या सकाळी फाटकावर डांबर फासलेलं होतं. भाजीवाल्यानं सिस्टरांकडे बघून तोंड फिरवलं. ब्रिगेडियरची बायको रस्त्यात समोर आली आणि पलीकडच्या बाजूला गेली. बारा घरांतल्या एका आईनं फोन करून विचारलं, “किती मिळाले हो सिस्टर?” सिस्टरांनी फोन ठेवला नाही. ती बाई रडायची थांबेपर्यंत कानाशी धरून ठेवला.

आणि मंत्री? काही महिन्यांनी मंत्रिमंडळात फेरबदल झाले, तेव्हा त्यांचं संरक्षण खातं गेलं आणि त्याहून मोठं अर्थखातं मिळालं. बातमी आली तेव्हा सिस्टर भांडी विसळत होत्या. हातातली बशी त्यांनी भिंतीवर फेकली.

“हेच ना तुमचं राज्य?”

“हो,” सर म्हणाले. “हेच.”

“वाईट आहे.”

“वाईटच आहे.” सर खाली बसून काचा वेचू लागले. “तू मागे हो, पायात जाईल.”

त्या बारा मृत्यूंच्या चौकशीचा अहवाल संसदेत आला तेव्हा वर्ष सरून गेलं होतं. चर्चा ठेवली होती आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, कामकाजाच्या अगदी टोकाला. दोघं पास काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत गेले. दारावर झडतीची रांग होती. रांगेत त्यांच्या पुढे राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस खिशातल्या किल्ल्या काढून ट्रेमध्ये ठेवत होता. तरुण पहारेकऱ्यानं त्याला हात वर करायला सांगितलं, मागे वळायला सांगितलं, पट्टा काढायला लावला. त्यानं मुकाट्यानं सगळं केलं. वळला तेव्हा सिस्टरांनी ओळखलं. जनरल होते. पहारेकऱ्याला ओळख पटली नव्हती.

तिघं शेजारी शेजारी बसले. खाली बहुतेक बाकं रिकामी होती. मंत्री आले, कुणाशी तरी हसून बोलले, आणि मग खाली मान घालून मोबाइल बघत बसले. चर्चेला उभी राहिली विरोधी बाकांवरची एक तरुण सदस्या, पहिल्यांदाच निवडून आलेली. आवाज थरथरत होता. तिनं ठरवलं होतं की आधी बाराही नावं वाचायची. वाचता वाचता खारीचं नाव आलं, आणि तिनं ते चुकीचं वाचलं.

सिस्टर उभ्या राहिल्या आणि बरोबर नाव मोठ्यानं म्हणाल्या.

सगळं सभागृह वर बघू लागलं. मंत्र्यांनीही मान वर केली. काळ्या कोटातला कर्मचारी लगबगीनं आला. “बाई, गॅलरीत बोलायला मनाई आहे. तुम्हाला बाहेर जावं लागेल.”

जनरल अर्धे उठले. सवयच तशी. मग खाली बसले, आणि थोड्या वेळानं काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उठून सिस्टरांच्या मागोमाग निघाले.

“तुम्ही बसा,” सिस्टर सरांना म्हणाल्या. “आपल्यातलं कुणीतरी आत हवं.”

दार लागता लागता खालून त्या पोरीचा आवाज आला. तिनं माफी मागितली आणि नाव पुन्हा वाचलं, या वेळी बरोबर.

बाहेर लांबलचक गार व्हरांडा होता. भिंतीशी एक बाक होतं, त्यावर दोघं बसले. बंद दाराआडून नुसती गुणगुण ऐकू येत होती.

“त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नसतं,” जनरल म्हणाले, “तर हा माणूस आज आत बसलेला नसता.”

“नसता,” सिस्टर म्हणाल्या. “ती पोरगीही नसती उभी राहिली.”

जनरलांच्या तळहातात मघाच्या किल्ल्या होत्या, त्या ते चाळवत राहिले.

दार उघडून सर बाहेर आले. सिस्टरांनी वर पाहिलं. “काय झालं?”

“समितीकडे पाठवलं.”

“म्हणजे?”

“पुढच्या अधिवेशनात बघू म्हणाले.”

सिस्टरांनी मान हलवली, समजलं अशी. मग पदर तोंडाशी नेला, आणि खार गेल्यापासून जे एकदाही आलं नव्हतं ते रडू आता आलं. आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. दारावरचा कर्मचारी दोन पावलं पुढे आला, पण इथं बोलायला मनाई नव्हती. तो थबकला आणि परत फिरला. सर त्यांच्या एका बाजूला बसले, जनरल दुसऱ्या. त्या रडत राहिल्या, आणि त्यांना गप्प करायला कुणी गेलं नाही.